आधी रूप, मग विरहिणी

जुळे सोलापुरातल्या आमच्या महिला मंडळाचं भजन दर एकादशीला असतं. क्रम ठरलेला: सुरुवातीला रूपाचा अभंग, गौळण आणि विरहिणी बरीच नंतर, शेवटी पसायदान. म्हणजे कटेवरचे हात, तुळशीहार, पीतांबर असं सगळं गाऊन देव आधी समोर उभा करायचा आणि तासाभराने तो भेटत नाही म्हणून व्याकूळ व्हायचं. नवीन आलेल्या एका मुलीने विचारलंच, "काकू, हे उलटं नाही का?" मला तर हेच सुलट वाटतं. ज्याला पाहिलंच नाही, त्याच्यासाठी जीव कसा कासावीस होणार?

विरहिणी आली की बरेच कीर्तनकार लगेच जीव-शिवाचा उलगडा करायला बसतात. अर्थ बरोबरच असतो त्यांचा, पण ज्ञानोबा माउलींची चंदनाची चोळी त्यात पार गार पडते. 'घनु वाजे घुणघुणा' नीट ऐका. चांदणं, चाफा, चंदन, काहीच नकोसं झालंय. 'चंदनाची चोळी माझे सर्व अंग पोळी' म्हणते ती. फुलांची शेज आगीसारखी भाजते. शेवटी आरशात पाहायला जाते, तर स्वतःचंच रूप दिसत नाही. चैत्रातल्या एकादशीला आम्ही हे गात होतो, पंखा गरम वारा फेकत होता, तेव्हा पेटीवाल्या काकू म्हणाल्या, "चोळी कशाला, इथं नुसतं सोलापूर पुरे आहे." सगळ्या हसल्या. पण पुढचं कडवं त्यांनी असं उचललं, की टाळ धरायचं भान राहिलं नाही.

विरह एकट्या भक्ताचाच असतो, असंही पंढरपुरात मानत नाहीत. आषाढीला भाविकांची रीघ लागते तेव्हा विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. शेजारती बंद, दर्शन रात्रंदिवस सुरू. उभं राहून शिणू नये म्हणून पाठीशी कापसाचा लोड देतात. वारी सरल्यावर देवाचा शीण घालवायला प्रक्षाळपूजा करतात, ती होईपर्यंत देवालाही झोप नाही.

आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, इंडी तालुक्यातल्या. घरात त्यांचं निम्मं बोलणं कन्नड. विठ्ठलाला 'कानडा' म्हटलं की "आमचाच की तो" म्हणून मोकळ्या होतात. मार्च २०२० मध्ये देऊळ बंद झालं. त्या आषाढीला पालख्या पायी निघाल्याच नाहीत, संतांच्या पादुका एसटीने पंढरीला आल्या. आत्यांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि चॅनेल बदललं. पुढे मुखदर्शन सुरू झाल्यावर यांनी त्यांना नेऊन आणलं. मला वाटलं, खूश होऊन येतील. आल्या त्या चिडूनच. "तोंड बघितलं, पण हात तसेच राहिले बघ," असं म्हणत दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. त्या तळव्यांवर काय उत्तर द्यायचं?

पदस्पर्श दर्शन पुन्हा सुरू झालं ते २०२२ च्या गुढीपाडव्याला. गर्दी जरा ओसरल्यावर मी त्यांना घेऊन गेले. रांगेत गुडघे दुखत होते, तरी बसल्या नाहीत. पायांवर डोकं टेकलं न टेकलं तोच "चला माउली, पुढं चला". तिथल्या लोकांनाही दोष देता येत नाही, मागे रांग कुठवर गेलीय ते त्यांना दिसत असतं. आत्या बाहेर आल्या, नामदेव पायरीपाशी थांबल्या, कळसाला हात जोडले. चेहरा असा उजळला होता, की मला वाटलं, चला, आता वर्षभर तरी निश्चिंती.

एसटी मोहोळला पोचायच्या आत त्यांनी मला कोपराने ढोसलं. "आता परत कधी यायचं?"

"अहो आत्या, प्रसादाची पुडीसुद्धा अजून सोडली नाही आपण."

"ती घरी सोडू की. तू तारीख सांग."