सीटखालची पिन

जानेवारीतली गोष्ट. रात्री साडेअकराला कडेपूरच्या अलीकडून फोन आला. उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी, मागची ट्रॉली हुकातून सुटून रस्त्याखाली गेलेली. माझं वर्कशॉप कराडजवळ आहे, पण कारखान्यांची धुराडी पेटली की आमचा निम्मा दिवस पिकअपमध्येच जातो. जॅक, टॉमी, टोचनचा रॉड, साखळ्या, त्या जोडायच्या डी आकाराच्या कड्या म्हणजे डी-शॅकल, ट्रॉलीच्या पिना, सगळं सोबत. हेल्पर पोराला उठवलं आणि निघालो.

बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर ट्रॉलीचा जो दांडा पिनेनं हुकाला जोडतात, त्याचं भोक घासून लंबगोळ झालेलं. पिन म्हणून साध्या लोखंडाचा गोल तुकडा, मधोमध कंबर बारीक पडलेला. खाली खिट्टीच्या जागी वाकवलेली तार. तार तुटली, खड्ड्यात पिन वर उसळली आणि ट्रॉली मोकळी झाली. सुरक्षेची साखळी होती, पण ती फळीला गुंडाळून ठेवलेली! मागं कुणी मोटारसायकलवाला नव्हता म्हणून बरं. हंगाम सुरू होताना रिफ्लेक्टर तपासतात, ते चांगलंच करतात. पण खाली वाकून हुकाकडं बघणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. सगळा भार मात्र त्या वीतभर लोखंडावर असतो.

माझ्या पिना मी लेथवर करून घेतो, ईएन-8 या मजबूत पोलादाच्या बारमधून, 32 मिलिमीटरच्या. डोकं मोठं, धरायला वर कडी, टोकाला आडवं भोक आणि त्यात स्प्रिंगची खिट्टी. खिट्टी हरवू नये म्हणून ती बारीक साखळीनं कडीलाच बांधलेली. पिन कायम वरून खाली घालायची, म्हणजे तिचं वजनच तिला जागेवर धरतं. साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या घ्यायच्या. पिन गेलीच तर दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. ड्रायव्हरला हे सगळं समोर करून दाखवलं. टोळीवाल्यांनी ट्रॉली रिकामी केली, माझी पिन घालून ती कडेला ओढून घेतली, आणि झिजलेल्या भोकात बुश, म्हणजे लोखंडी नळीचा तुकडा, बसवल्याशिवाय भरून ओढायची नाही असं बजावलं. माझी पिन त्याच्याकडंच ठेवली. त्याची झिजलेली मुद्दाम काढून घेतली, नाहीतर उद्या त्यानं तीच ठोकली असती.

परत निघायला दोन वाजले. सुर्ली घाट उतरत होतो, तिसरा गिअर, चाळीसच्या आसपास वेग. वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला. पेडल निम्मं खाली गेलं आणि दगडावर पडल्यासारखं अडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. गाडी थोडी दबली, पण थांबेना. गिअर दुसऱ्यात टाकला, इंजिन ओरडलं. हँडब्रेक एकदम न ओढता टप्प्याटप्प्यानं ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. डावी चाकं गटारीला लागली तेव्हा थांबली.

मोबाईलच्या उजेडात खाली वाकलो. पेडलच्या दांड्यामागं, मॅटच्या सुरकुतीत, ती जुनी पिन आडवी पडलेली. अंगावर काळं ग्रीस, ग्रीसला चिकटलेलं पाचट, आणि बारीक झालेल्या कमरेवर पेडलच्या दांड्याचा ताजा, चमकणारा ओरखडा.

पोरगं थरथरत होतं. म्हणालं, "आण्णा, मीच ठेवली. गोणपाटात गुंडाळून तुमच्या सीटखाली."

त्याला काय बोलणार? मागच्या हंगामात गाडीतळावर आमच्या हौद्यातून दोन पिना आणि एक शॅकल गेलं होतं. भंगारात किलोवर विकायला असलं लोखंड सोपं. तेव्हा मीच त्याला सांगितलं होतं, बाहेर काही ठेवायचं नाही, केबिनमध्ये टाकत जा. चोरीचा बंदोबस्त केला आणि उताराचा विचार केला नाही. गोणपाट सीटखाली राहिलं, पिन घरंगळत पुढं आली. सीटच्या मागं ठेवली असती तरी बरं नव्हतं. साठच्या वेगात गाडी आपटून जागच्या जागी थांबली, तर सुटं लोखंड त्याच साठनं पुढं येतं. 14 मीटरवरून खाली टाकलेली वस्तू जमिनीवर जेवढ्या वेगानं आदळते, तेवढाच हा वेग. आणि मध्ये आपलं डोकं असतं.

दुसऱ्या दिवशी बाकीची कामं बाजूला ठेवली. हौद्याच्या पुढच्या अंगाला 3 मिलिमीटरच्या पत्र्याची पेटी केली. ती नुसत्या पत्र्याला न जोडता खालून चॅसीच्या आडव्याला बोल्टनं आवळली. आत जाड पाइपाचे तुकडे उभे वेल्ड केले. प्रत्येक पिनेला एक नळी, तळाला जुन्या टायरचा रबर, वरून आडवी पट्टी. शॅकल एका गजात ओवून शेवटी नट. साखळ्यांना वेगळा कप्पा, पाणी साठू नये म्हणून तळाला भोकं. टोचनचा रॉड बाहेरून दोन क्लॅम्पमध्ये. नळ्यांची तोंडं पिवळी रंगवली, म्हणजे रिकामी नळी रात्रीसुद्धा डोळ्यांत भरते. झाकणाला आत शिरणारं कुलूप, कारण बाहेरची कडी पहारीनं तुटते. आता काम संपलं की पोरगा नळ्या मोजतो, मी पुन्हा मोजतो, आणि मगच गाडी सुरू होते.

चार दिवसांनी तो ट्रॅक्टरवाला वर्कशॉपला आला. भोकात बुश बसवून घेतला, साखळ्या नव्या घेतल्या, हुकाला नवी पिनही माझ्याकडूनच घेतली. सगळं सांगितल्याप्रमाणं केलं, याचं मला फार बरं वाटलं. जाताना म्हणाला, "मिस्त्री, तुमची त्या रात्रीची पिन राहिलीय माझ्याकडं. चोरीला जायला नको म्हणून नीट जपून ठेवलीय." आणि वर चढून ती त्यानं ब्रेकच्या पेडलांजवळून, पाय ठेवायच्या पत्र्यावरून उचलून माझ्या हातात दिली.