काक्षी फुटला तर?

डिसेंबरात गुहागरच्या किनाऱ्यावर आम्ही आकाश बघायला बसतो. समोर समुद्र, पाठीमागे सुरूचं बन. बनाच्या शेंड्यांवर मृग नक्षत्र आलं की कुणीतरी त्यातल्या तांबूस काक्षी ताऱ्याकडे (इंग्रजीत बेटेलज्यूज) बोट दाखवून विचारतंच, "मास्तर, हा फुटला तर गॅमा किरणांनी आपण भाजून निघू का हो?" २०१९च्या अखेरीस काक्षी मंदावला, तेव्हापासून हा प्रश्न एकदाही चुकलेला नाही. पुन्हा विचारलंत म्हणून लिहितो.

नाही भाजणार. काक्षी कधीतरी फुटणार हे नक्की, पण तो अजून सोडणासकट आहे.

आमच्या मागीलदारी जमिनीत पहार रोवलेली आहे. तिच्या टोकावर नारळ दाबून मनगट पिळलं की सोडण चर्रकन सुटतं. त्याच्या आत करवंटी, मग खोबरं. मोठ्या ताऱ्याचेही असेच थर: बाहेर हायड्रोजन, आत हेलियम, त्याखाली कार्बन-ऑक्सिजन, अगदी गाभ्यात लोखंड. काही तारे मरायच्या आधीच सोलून निघतात. कधी स्वतःच्याच सोसाट्याच्या वाऱ्याने, कधी जोडीदार तारा वरचे थर ओढून घेतो म्हणून. ताऱ्याच्या अशा मरणस्फोटाला सुपरनोव्हा म्हणतात. हायड्रोजन गेलेल्याचा स्फोट 'वन-बी' प्रकारचा, हेलियमही गेला तर 'वन-सी'.

आकाशात अधूनमधून गॅमा किरणांचा अचानक भडका दिसतो, तो गॅमा किरण स्फोट. दोन सेकंदांहून लांबलेल्या अशा स्फोटांचं नातं या वन-सीशी निघालं. २५ एप्रिल १९९८ला बेप्पोसॅक्स उपग्रहाने असा एक स्फोट टिपला आणि त्याच जागी १९९८बीडब्ल्यू हा सुपरनोव्हा सापडला. गॅमा किरणांचा स्फोट फारच क्षीण होता, त्यामुळे शंका राहिली. ती २९ मार्च २००३च्या स्फोटाने फिटली: विझत चाललेल्या उजेडाच्या वर्णपटातून दिवसागणिक तसाच सुपरनोव्हा वर आला. हायड्रोजन नाही, हेलियम नाही, आणि वर्णपटातल्या रेषा इतक्या पसरट की द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने उधळलेलं.

सोललेलाच तारा का? गाभा कोसळून कृष्णविवर झालं की दोन बाजूंनी झोत सुटतात, आणि गॅमा किरण येतात ते या झोतांतूनच. पण त्यांना मागून रेटणारा जोर सहसा काही सेकंद, फार तर मिनिटभर टिकतो. सोललेला तारा साधारण सूर्याएवढा, तिथून झोत बाहेर पडतो. काक्षी एवढा फुगलेला आहे की त्याच्या मध्यापासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर कापायला खुद्द प्रकाशालाही जवळपास अर्धा तास लागेल. झोत आतच घुसमटणार.

मात्र सोललेल्या बहुतेक ताऱ्यांतूनही गॅमा किरण दिसत नाहीत, आणि माझा जीव अडकलाय तो इथे. गाभ्याला गिरकीही हवी, आणि सोलणारा वाराच ती गिरकी चोरतो. २००९बीबी या वन-सी सुपरनोव्हाचे गॅमा किरण कुणालाच दिसले नाहीत. तरी रेडिओ दुर्बिणींनी, त्यात आपली खोडदची जीएमआरटीही होती, त्यातलं द्रव्य जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळताना पकडलं. झोत आपल्याकडे वळलेला नव्हता, की बाहेर पडता पडताच दमला?