कुठलं विद्यापीठ घेऊ?

दिवाळीच्या आसपास हा प्रश्न हमखास येतो, कारण अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत अर्जाची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. विचारणारे बहुतेक जण इंग्रजी किंवा इतिहास घेऊन एम. ए. झालेले असतात. ‘अमेरिकन स्टडीजमध्ये पीएचडी करायची आहे, कुठलं विद्यापीठ घेऊ?’ सोबत यादी असते आणि तिची सुरुवात येल, हार्वर्ड, ब्राऊन अशी होते. तुम्ही विचारलंत म्हणून मनापासून सांगते: तुमच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण कोण वाचणार आहे, ते आधी शोधा.

मी हे शोधलं नव्हतं. मी कागद शोधले होते. माझा विषय होता अमेरिकन मराठी मिशन. 1813 साली मुंबईत आलेले आणि 1831 पासून अहमदनगरला ठाण मांडून बसलेले हे मिशनरी मायदेशी पत्रं लिहीत. त्यांच्या स्वतःच्या देशात माणसांची खरेदी-विक्री चालू असताना इथली जात त्यांना कशी दिसली, हे मला पाहायचं होतं. फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्या अर्पणपत्रिकेपर्यंत पोचणारी वाट मला सापडायला हवी होती. मिशन पाठवणाऱ्या मंडळाची दप्तरं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, म्हणून माझं सगळं लक्ष बॉस्टनच्या परिसरावरच होतं. तिथे प्रवेश मिळाला नाही, मध्य-पश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठात मिळाला. आता संपलं सगळं, असं तेव्हा वाटलं होतं.

प्रत्यक्षात हॉटनमध्ये पोचायला एक उन्हाळा पुरला. ते ग्रंथालय बाहेरच्या अभ्यासकांनाही खुलं आहे. पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. पत्रांचा कागद इतका पातळ की मागच्या पानाची शाई पुढच्या ओळींत उतरलेली. दुसऱ्या आठवड्यात एका पत्रात इंग्रजी वाक्याच्या मधोमध रोमन लिपीत ‘महारवाडा’ हा शब्द दिसला. त्या शांत खोलीत तो शब्द ओळखीचा असणारी बहुधा मी एकटीच होते. त्या पत्रावर मी अख्खं प्रकरण उभं केलं.

ते प्रकरण चुकलं होतं, आणि हे मला कळलं ते धर्माच्या इतिहासाच्या एका प्राध्यापिकेमुळे. त्या माझ्या विभागातल्याही नव्हत्या. समासात त्यांनी पेन्सिलीने एवढंच विचारलं होतं: ‘हे पत्र मंडळाच्या कचेरीसाठी लिहिलंय की देणगीदारांसाठी?’ मंडळाचं ‘मिशनरी हेरल्ड’ नावाचं मासिक होतं. पत्रांतले उतारे त्यात छापले जात आणि ते वाचून लोक पैसे देत. म्हणजे मी ज्याला डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन समजत होते, त्यात मदतीचं आवाहनही होतं. सहा महिने लागले, पण प्रकरण नव्याने लिहिलं. कागदांपर्यंत प्रवास करून जाता येतं, अनेक दप्तरं मायक्रोफिल्मवरही मिळतात. पण असा प्रश्न विचारणारं माणूस तुमच्या आसपासच लागतं.

आणि एकच माणूस पुरत नाही. तिसऱ्या वर्षी माझे मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठात गेले. निरोपाचा ईमेल विभागातल्या सगळ्यांना मिळून एकच होता. माझं काय, याचं उत्तर विभागाकडे दोन महिने नव्हतं. त्या प्राध्यापिका माझा प्रबंध तपासणाऱ्या समितीवर नसत्या तर मी परत आले असते. म्हणून मी यादी बघताना प्रत्येक नावापुढे विचारते: तुमचा विषय कळेल अशी तीन माणसं इथे आहेत का, आणि दुसऱ्या विभागातलं माणूस समितीवर घेऊ देतात का? अमेरिकन स्टडीज हा विषयच इतिहास, साहित्य, वंश, धर्म यांच्या सीमेवरचा. काही ठिकाणी त्याचा स्वतंत्र विभाग असतो, काही ठिकाणी इतर विभागांतल्या लोकांनी मिळून चालवलेला कार्यक्रम. असं घर मोडूही शकतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला अमेरिकन सिव्हिलायझेशनचा जुना, नावाजलेला विभाग 1990च्या दशकात बंद झाला.

नावावरून शोधू नका, हेही त्यातच आलं. मिशिगनमध्ये याच विषयाला अमेरिकन कल्चर म्हणतात, सदर्न कॅलिफोर्नियात अमेरिकन स्टडीज अँड एथ्निसिटी.

पैशांचं थोडक्यात सांगते. विद्यावेतन नऊ महिन्यांचं की बारा, हे लेखी विचारा. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं आणि शिकवण्याच्या कामातच ते बहुतेक संपतात. उन्हाळ्याचे तीन महिने रिकामे गेले, तर घरभाडं कुठून देणार? बऱ्याच विद्यापीठांत होकार कळवायची मुदत 15 एप्रिल असते. तोवर हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, संकोच करू नका.

सहाव्या वर्षाला असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला लिहा. ‘तुमचं शेवटचं प्रकरण कोणी वाचलं आणि किती दिवसांत परत दिलं?’ एवढंच विचारा. मग प्रत्येक विद्यापीठापुढे तीन नावं लिहून ती यादी मला पाठवा. आपण फोनवर बोलू.