आमची वाटचाल: जुन्या व्हाइसच्या संगतीत

आमच्या कार्यशाळेत पहिला जुना व्हाइस, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत घट्ट धरून ठेवणारं अवजार, आला तो दुरुस्तीला. तेव्हा आम्ही टर्निंगची, म्हणजे लेथवर धातू फिरवून कापायची, किरकोळ कामं घ्यायचो. बुश, पिना, झिजलेल्या शाफ्टची टोकं, असं काहीबाही. एक गृहस्थ पाच इंची बेंच व्हाइस पोत्यात गुंडाळून घेऊन आले. दांडी आवळली की स्क्रू नुसताच फिरायचा, जबडा जागचा हलायचा नाही. नवा घ्या, असं त्यांना चार जणांनी सांगून झालं होतं. त्यांचं म्हणणं एकच होतं, "हा पकडतो तसा नवा पकडत नाही."

मामांनी तो उघडला. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने टर्नर, वयाने आणि हातानेही. आतल्या नटाचे आटे झिजून पात्यासारखे धारदार झाले होते. स्क्रू मात्र जवळपास शाबूत होता. या व्हाइसमध्ये नटाचा धातू स्क्रूपेक्षा मऊ ठेवला होता, म्हणजे झीज होईल ती नटाची होईल. नट बदलता येतो. ज्याने हे ठरवलं त्याने पुढच्या दुरुस्तीचाही विचार करून ठेवला होता. आपल्यानंतर कुणीतरी हे उघडणार आहे, हे मनाशी धरून केलेलं काम होतं ते. माझं या वस्तूंकडे लक्ष लागलं ते तेव्हापासून.

आटे चौकोनी होते, इंचाला चार. आमचा लेथ मेट्रिक. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्यामुळे मेट्रिक लेथवर इंचाचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, अचूक काढायचा तर 127 दात्यांचं गिअर लागतं. आमच्याकडे ते नव्हतं, ते आधी मिळवावं लागलं. त्यातही असा आटा कापताना लेथचा हाफ नट, म्हणजे टूलची गाडी लेथच्या स्क्रूला जोडणारी पकड, एकदाही उघडायचा नाही. प्रत्येक कटानंतर टूल मागे घ्यायचं आणि मशीन उलटं फिरवून सुरुवातीला आणायचं. आतून चौकोनी आटे कापणं म्हणजे न दिसणाऱ्या जागी काम. टूल जरा घासलं तर आट्याची भिंत फाटते, आणि फाटल्याचं कळतं ते तुकडा काढल्यावर. मामांचे पहिले दोन नट वाया गेले. तिसरा बसला. धाकट्या भावाने जबड्यात एक सळई धरून दांडी आवळली, दांडी एका जागी आली आणि तिथेच थांबली. मामांनी दोन्ही हातांनी सळई ओढून बघितली, मग हात पुसले आणि दुसऱ्या कामाला लागले.

त्या गृहस्थांनी आणखी दोघांना पाठवलं. त्या दोघांनी आणखी काही जणांना. मीही भंगारात, बंद पडलेल्या कार्यशाळांत, शेडच्या कोपऱ्यांत जुने व्हाइस शोधू लागलो. दुरुस्त करून द्यायचे, काही विकत घेऊन नीट करून विकायचे, असं काम हळूहळू वाढत गेलं आणि टर्निंगची बाकीची कामं मागे पडली.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं आम्ही चुकीच्या गोष्टीच्या मागे होतो. गंज काढायचा, खड्डे पुट्टीने भरायचे, घासून गुळगुळीत करायचे, चकचकीत रंग द्यायचा. फोटो छान यायचे. त्याच काळात आम्ही विकलेला एक व्हाइस परत आला. सरकता जबडा बुडापासून तुटून दोन तुकडे झालेले. तुटलेल्या तोंडाकडे बघितलं तर निम्मा भाग ताजा, करडा आणि चमकदार. उरलेला निम्मा काळपट, तेल मुरलेला. म्हणजे निम्मी भेग कितीतरी जुनी होती. आम्ही तिच्यावर पुट्टी भरली होती, रंग दिला होता आणि तो व्हाइस एका माणसाच्या हातात दिला होता. त्याला इजा झाली नाही. मी पैसे परत केले, त्याची माफी मागितली आणि त्या आठवड्यात तयार असलेले सगळे व्हाइस पुन्हा उघडले. त्यांतल्या आणखी एकात भेग निघाली.

त्यानंतर आमच्याकडे कामाचा क्रमच बदलला. आता आधी तपासणी, मग बाकी सगळं.

भेग कुठे शोधायची हे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, समजून घेतल्याशिवाय कळत नाही. बहुतेक जुने व्हाइस करड्या बिडाचे आहेत. या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं. दाब कितीही द्या, ते सोसतं. ताण आला की पापुद्र्याच्या कडेपासून चिरतं. व्हाइस आवळला की मधली वस्तू दोन्ही जबड्यांना बाहेर ढकलते, म्हणून जबड्याच्या आतल्या बाजूला, जिथे तो खालच्या सरकपट्टीला मिळतो त्या कोपऱ्यात, सगळ्यात जास्त ताण येतो. भेग तिथून निघते. दुसरी जागा म्हणजे स्थिर भागाचं तोंड, जिथून सरकपट्टी आत जाते. जबडे पूर्ण उघडे ठेवून जोर लावला की ते तोंड फाकतं. आम्ही हे दोन्ही भाग उघडे धातू दिसेपर्यंत साफ करतो, रॉकेल लावतो, पुसून कोरडे करतो आणि वर खडूची पूड फासतो. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर बारीक काळी रेघ काढतं. शंका उरली तर डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरणारा रंग, मारतो. व्हाइस टांगून हातोडीने हलकेच वाजवायची जुनी रीतही आम्ही सोडलेली नाही. चांगलं बीड टणटणतं, भेगाळलेलं ठस्स वाजतं. पण एकट्या आवाजावर मी कुणाच्या हातात व्हाइस देणार नाही.

भेगाळलेलं बीड जोडता येत नाही असं नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग व्ही आकाराची खाच काढायची, सगळा तुकडा सावकाश तापवायचा आणि ब्राँझच्या कांडीने ब्रेझिंग करायचं. कांडी साधारण 900 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, बीड वितळायला 1150 अंशांच्या वर जावं लागतं, त्यामुळे मूळ ओतकाम तसंच राहतं. नंतर कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर थंड होऊ द्यायचं. घाई केली की दुसरीकडे तडा जातो. आम्ही हे काम करतो. पण जबड्याच्या बुडाशी जोड असलेला व्हाइस आम्ही जड कामासाठी विकत नाही, आणि जोड रंगाखाली लपवत नाही. त्या जागी ब्राँझ उघडंच ठेवतो, घेणाऱ्याला दिसावं म्हणून.

गंजासाठी पूर्वी आम्ही तारेचा ब्रश आणि ग्राइंडर वापरायचो. त्याने ओतीव अक्षरांच्या कडा बोथट होतात. आता विजेची टाकी वापरतो. प्लास्टिकच्या पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक व्हाइसला, धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला. हा पत्रा स्टेनलेसचा कधीच नसावा, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून टाकी उघड्या हवेत ठेवायची आणि जवळ ठिणगी नको. वीज पत्र्यासमोरच्या बाजूला जास्त काम करते, तेव्हा तुकडा मधूनमधून फिरवावा लागतो. दुसऱ्या दिवशी बाहेर काढला की अंगावर मऊ काळा थर असतो, तो साध्या ब्रशने निघतो आणि खालून ओतकाम करणाऱ्याच्या साच्यातल्या वाळूचा पोतसुद्धा दिसतो. स्प्रिंगा आणि कडक केलेले भाग मात्र आम्ही या टाकीत घालत नाही. त्यांच्यात हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होतात.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते जबड्यांच्या पट्ट्यांचे स्क्रू. चार छोटे स्क्रू, पण पन्नास वर्षांचं तेल, कीस आणि गंज त्यांत घट्ट बसलेला असतो. खाच आधी टोकदार सुईने साफ करायची, मग भोवतालचं बीड तापवायचं, पातळ तेल सोडायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा तापवायचं. त्यानंतर इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीच्या ठोक्याने फिरणारा पेचकस. एकदा एकाच स्क्रूवर आम्ही चार दिवस असं काम केलं, तरी डोकं तुटलंच. मग भावाने उलट्या आट्याचं ड्रिल लावलं. ते कापताना उलटं फिरतं, आणि खूपदा भोक पूर्ण व्हायच्या आत उरलेला स्क्रू त्याच्याबरोबर सुटून बाहेर येतो. त्या दिवशी तसा आला. मूळ आटे शाबूत राहिले याचा आम्हाला जो आनंद झाला तो बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे.

रंगाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तो कोरडा घासायचा नाही. रंग काढायचं रसायन लावून ओला खरवडायचा, मास्क घालून. आणि मूळ रंग कोणता होता हे बघायचं असेल तर फिरत्या बैठकीची तबकडी काढा. तिच्या खाली ना ऊन पोचलेलं असतं ना नंतरचा कुणाचा ब्रश. तिथे मूळ रंगाचा ठिपका जवळजवळ हमखास सापडतो, आणि आम्ही त्याच्याशी जुळवून रंग बनवतो. पुट्टी आता आम्ही वापरत नाही. खड्डा असेल तर खड्डा दिसू दे.

संग्रहातले काही व्हाइस आम्ही विकत नाही, कारण त्यांच्यावरून शिकतो. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचा 3 नंबर म्हणजे तीन इंच नव्हे, चार इंची जबडा. 5 नंबरला मात्र पाच इंचच. इंग्लंडमधल्याच शिपलीच्या पार्किन्सन कंपनीचा व्हाइस खटका दाबून झटकन मागेपुढे सरकतो, कारण त्यात पूर्ण नटाऐवजी अर्धा नट असतो. हा अर्धा नट झिजला की जोर आला की सुटतो, आणि लोक स्क्रूला दोष देतात. शिकागोची विल्टन कंपनी 1941 साली सुरू झाली. तिच्या गोळीच्या आकाराच्या व्हाइसमध्ये स्क्रू आणि नट बंद पोकळीत असतात, आत कीस जातच नाही. आम्ही असे जेवढे उघडले त्यांतले आटे बाकीच्यांपेक्षा कितीतरी ताजे निघाले. जर्मन हॉयरचा व्हाइस घडीव पोलादाचा आहे, त्याच्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतो, कारण भेगेचं भय तिथे फारसं नाही. आणि एक सूचना: ओतकामावर पेटंटची तारीख दिसली की लोक तिलाच व्हाइसचं वय समजतात. त्या तारखेवरून व्हाइस तिच्या आधीचा नाही एवढंच कळतं. तोच साचा पुढे कितीतरी वर्षं चाललेला असू शकतो.

व्हाइस तयार झाला की शेवटची परीक्षा कागदाची. जबड्यांच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत पातळ कागदाच्या पट्ट्या ठेवायच्या, हलकेच आवळायचं आणि ओढून बघायचं. दोन्ही सारख्याच घट्ट हव्यात. खाली अगदी केसभर फट असली तर चांगलंच, कारण जोर आला की जबडे वरून फाकतात आणि तेव्हा ते समांतर होतात. हे नीट जमलेलं नसेल तर व्हाइस बाहेर जात नाही, मग घेणारा कितीही घाईत असो.

देताना आम्ही दहा मिनिटं बोलतो. काही जण कंटाळतात, तरी बोलतो. दांडीवर पाइप चढवू नका. दांडी मुद्दाम बारीक असते, ती वाकली तर दुसरी घालता येते, जबडा तुटला तर जबडा मिळत नाही. हातोडा मारायचाच झाला तर रोख स्थिर जबड्याकडे असू द्या. एका कडेला वस्तू धरत असाल तर दुसऱ्या कडेला तेवढ्याच जाडीचा तुकडा घाला, नाहीतर सरकता जबडा तिरका ओढला जातो आणि सरकपट्टी एका बाजूने झिजते. बसवताना स्थिर जबड्याचं तोंड टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर हवं, म्हणजे लांब सळई उभी धरता येते. लाकडी स्क्रू नकोत. आरपार बोल्ट आणि खाली लोखंडी पट्टी. उंची तुमच्या कोपराएवढी. आट्यांवर आणि कॉलरवर ग्रीस, सरकपट्टीवर पातळ तेलाचा हात, आणि दोन्हींच्या आधी ब्रशने कीस झाडणं. कीस न झाडता ग्रीस लावलं तर ते कानसीचं काम करतं.

वर्षातून एकदा व्हाइस परत आणा, उघडून बघू, असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो. त्या पहिल्या गृहस्थांचा पाच इंची अजून येतो. मामांच्या नटात अजून फारसा खेळ आलेला नाही.

सध्या टेबलावर एमर्ट कंपनीचा पॅटर्नमेकर व्हाइस, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवणाऱ्यांचा व्हाइस, उघडा पडला आहे. पेनसिल्व्हेनियातल्या वेन्झबरोचा, 1891 च्या पेटंटचा प्रकार. याचा जबडा गोल फिरतो, अख्खा व्हाइस आडवाही होतो, आणि इतकं हलणारं बीड असल्यामुळे आधीच्या कुणीतरी जोर लावून एक कान तोडला आहे. तुटलेला तुकडा मालकाने इतकी वर्षं डब्यात जपून ठेवला होता. काल खडू लावून बघितला, दुसरी भेग निघाली नाही. तुकडा जागेवर केसभरही फरक न राहता बसतो. उद्या सकाळी भट्टी पेटवून तो सावकाश तापवायला घेऊ. मामांनी चुना आजच वाळत घातला आहे.