आमची वाटचाल : छपरानं दिलेली ओळख

वडिलांचं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथसमोर गेलं. मी इंजिनिअर होऊन मिशिगनला आलो, सुट्या भागांच्या एका कंपनीत चिकटलो आणि २००९च्या मंदीत घरी बसलो. घरच्याच गॅरेजात जुन्या गाड्यांचं वायरिंग करायला घेतलं. हिशेब बायकोकडे. दोन वर्षांनी एक गाळा भाड्यानं घेतला. तोवर मिळेल ते काम करत होतो. अमुक कामासाठी आमच्याकडेच यावं, असं काही नव्हतं.

मग ती आली. १९६१ची लिंकन कॉन्टिनेंटल, चार दारांची, उघड्या टपाची. इथून जवळच विक्सममध्ये तयार झालेली. तो कारखाना २००७ साली बंद पडला. १९६१ साली अशा उघड्या टपाच्या फक्त २,८५७ गाड्या निघाल्या होत्या.

गाडी उभी असली तरी माणूस बघत राहतो, आणि त्याचं कारण तिच्यावर काय नाही यात आहे. दोनच वर्षं आधीच्या कॅडिलॅकला रॉकेटसारखे पंख होते, सगळीकडे क्रोम. हिच्या बाजू सपाट, आणि मडगार्डच्या वरच्या कडेनं एकच चकचकीत पट्टी पुढून मागं गेलेली. लिंकन हा फोर्ड कंपनीचाच ब्रँड. फोर्डच्या तळघरातल्या चिंचोळ्या खोलीत डिझायनर एल्वूड एंगेल यांनी हा आकार खरं तर थंडरबर्ड या फोर्डच्याच दुसऱ्या गाडीसाठी घडवला होता. लिंकन तोट्यात होती, बंद करायचंच चाललं होतं. फोर्डचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅकनमारा यांनी मातीचं मॉडेल पाहून विचारलं, याची चार दारांची लिंकन होईल का? झाली, आणि आधीच्या मॉडेलपेक्षा सुमारे पंधरा इंच आखूड झाली. मागून उतरताना पाय दाराला अडकायचे म्हणून मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागं नेल्या. प्रत्येक इंजिन तीन तास चालवून बघायचे, तयार गाडी बारा मैल फिरवायचे आणि वर दोन वर्षांची हमी द्यायचे. (राष्ट्राध्यक्ष केनेडींना गोळ्या लागल्या त्या गाडीबद्दल गिऱ्हाईक हमखास विचारतं. तीही १९६१चीच, पण लांबवलेली. डिअरबॉर्नच्या संग्रहालयात आहे.)

पत्राकाम बाहेर दिलं. आमच्या वाट्याला आलं छपराचं वायरिंग, आणि इथंच आम्ही तोंडावर आपटलो. बटण दाबलं की डिकीच्या झाकणाची कुलपं सुटतात, झाकण मागच्या बिजागरीवर उलटं उघडतं, छप्पर उठतं, घडी होऊन आत जातं, झाकण मिटतं. हा सगळा खो-खोचा खेळ आहे. एकाचं काम संपलं की लिमिट स्विच, म्हणजे भाग ठरल्या जागी पोचला की दाबला जाणारा स्विच, पुढच्या रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचला, खो देतो. एकानं खो दिला नाही की सगळे जागच्या जागी बसून.

आमचा एक स्विच खो देईना. रात्री नऊ वाजता मी वैतागून त्याला वगळून वायर थेट पुढं जोडली. छप्पर अर्धं बाहेर असतानाच झाकण खाली आलं. सांगाड्याची कमान वाकली, झाकणाचा ताजा रंग हातभर खरवडला. मालक ऐंशीचे आजोबा. सकाळी सांगावं म्हणत होतो, बायको म्हणाली, "आत्ताच फोन कर." केला. ते म्हणाले, दुरुस्त झाल्यावर बोलवा. तीन आठवडे आणि सगळा खर्च आमचा.

त्या तीन आठवड्यांत मी प्लायवूडवर सगळे रिले आणि स्विच मांडून गाडीबाहेरच पूर्ण खेळ लावला. कुणी खो दिला की त्याचा दिवा लागतो. तो फळा अजून भिंतीवर आहे, आणि आता लांबलांबून लिंकन येतात त्या त्याच्यासाठीच. आजोबांनीच पहिली दोन गिऱ्हाइकं पाठवली. पुढं चार जण कामाला आले. त्यातल्या एकाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, असं बायको म्हणते.

मागच्या उन्हाळ्यात वडील आले. त्यांच्यासमोर बटण दाबलं. झाकण उघडलं, छप्पर उठलं, आत गेलं, झाकण मिटलं. त्यांनी फटीवरून बोट फिरवलं, फट सगळीकडे सारखी आहे का बघितलं. मग म्हणाले, "झकास हाय. पण दोन गडी लावलं असतं तर हातानं लवकर झालं असतं की."