मनगटावर शॉक दिला तेव्हा अंगठा उडाला

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. शनिवार होता, दुपारचा दीड वाजलेला, मी मशीन बंद करायच्या तयारीत होते आणि तेवढ्यात वॉर्डबॉयने एक व्हीलचेअर आत आणली. मी नाशिकला एका हॉस्पिटलमध्ये एनसीव्ही टेक्निशियन आहे, म्हणजे नसांमधून करंट किती वेगाने जातो ते मोजायचं काम, १४ वर्षं झाली. पेशंट येवल्याचे विणकर, वय पंचेचाळीसच्या आसपास, सोबत बायको. तिने बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, "मॅडम, ह्यांना आधी जुलाब झाले, ते आठवड्यात बरे झाले, मग पायाला मुंग्या यायला लागल्या, मग जिना चढता येईना, आणि परवापासून हातात तिल्ली धरता येत नाहीये."

तिल्ली म्हणजे पैठणीचा पदर विणताना रंगीत रेशमाच्या ज्या छोट्या छोट्या कांड्या वापरतात त्या. एका पदरावर अशा कितीतरी असतात आणि सगळा खेळ बोटांचा. गावात दोनदा सलाईन लावून झालं होतं, अशक्तपणा आहे म्हणून. सहा दिवस त्यातच गेले.

हात हातात घेतला तर बर्फ. थंडीचे दिवस, त्यात एसी. हे मी मुद्दाम सांगतेय कारण नस थंड असली की करंट हळू जातो, एका डिग्रीला सेकंदाला दीड-दोन मीटरचा फरक पडतो, आणि निरोगी माणूससुद्धा रिपोर्टमध्ये आजारी दिसू शकतो. म्हणून आधी गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं, कातडीचं तापमान ३२ च्या वर गेलं आणि मगच इलेक्ट्रोड लावले. घाई असली तरी ही वीस मिनिटं मी कधीच वाचवत नाही.

त्यांना म्हटलं, दादा अंगठा वर उचला. ते बघत राहिले अंगठ्याकडे, कपाळावर आठ्या, पण अंगठा जेमतेम थरथरला. मग मी मनगटावर स्टिम्युलेटर ठेवून शॉक दिला आणि तोच अंगठा टुणकन उडाला, स्क्रीनवर स्नायूच्या प्रतिसादाचा ८ मिलिव्होल्टचा छान डोंगर. ते दचकले, मग रडायलाच लागले. "हलला की! मग मला का हलवता येत नाही?"

आता खरा प्रश्न तोच होता. मी कोपरापाशी शॉक दिला, तोच अंगठा, तीच नस, आणि डोंगर फक्त ३ मिलिव्होल्टचा. करंट वाढवून पाहिला, जागा थोडी सरकवून पाहिली, तेवढाच. मनगट ते कोपर अंतर २२ सेंटिमीटर, दोन डोंगरांच्या सुरुवातीत फरक साडेसहा मिलिसेकंदांचा, म्हणजे वेग सेकंदाला ३४ मीटर, जिथे ५० च्या वर हवा. थंडीने वेग कमी होईल, पण डोंगर असा अर्ध्याहून खाली येणार नाही. कोपर आणि मनगटाच्या मध्ये सिग्नल मरत होता.

ह्या हिशोबाचं मला दरवेळी नवल वाटतं, कारण १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने बेडकाच्या नसेवर हेच केलं होतं, दोन जागी शॉक, वेळेतला फरक, अंतर भागिले वेळ, आणि उत्तर आलं सेकंदाला सुमारे २७ मीटर. तोपर्यंत भल्याभल्यांना वाटायचं की नसेतला संदेश इतका झटकन जातो की तो मोजताच येणार नाही.

त्यांच्या बायकोला मी स्लॅबचं उदाहरण दिलं. स्लॅब ओतताना माणसं रांगेत उभी राहून घमेली पुढे देतात ना, तसं नसेचं आहे. तारेतल्या विजेसारखं नाही, इथे प्रत्येक जण स्वतःच्या ताकदीने घमेलं उचलतो म्हणून शेवटच्या माणसाकडेही ते भरलेलंच पोचतं. नसेच्या पेशीच्या आत बाहेरच्या मानाने साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतात, एका हद्दीच्या वर धक्का बसला की दारं उघडतात आणि सोडियम आत घुसतो, व्होल्टेज उलटं होतं, मग पोटॅशियम बाहेर जाऊन सगळं जागेवर येतं, हे सगळं एक-दोन मिलिसेकंदात, आणि त्या धक्क्याने पुढची दारं उघडतात. ही रांग दाट असेल तर काम हळू होतं. म्हणून जाड नसांवर मायलिनचं आवरण असतं, मिलिमीटरभराच्या अंतराने एकेक उघडी जागा, म्हणजे माणसं कमी, लांब लांब उभी, आणि घमेलं फेकून झेलायचं. आवरण खराब झालं की करंट वाटेतच गळतो, फेकलेलं घमेलं पुढच्याच्या हातापर्यंत पोचत नाही. मनगटाच्या पुढची नस चांगली होती म्हणून तिथला शॉक पोचला, मेंदूचा हुकूम मात्र वरच अडकत होता.

पायाच्या नसांचे वेग त्याहून वाईट, एफ वेव्ह, म्हणजे मणक्यापर्यंत जाऊन परत येणारा सिग्नल, गायब, पण घोट्याजवळची सुरल नस, जी फक्त स्पर्श कळवते, ती मात्र ठणठणीत, आणि हा पॅटर्न दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. रिपोर्ट देणं आमच्या डॉक्टर सरांचं काम, माझं नाही. पण मी विचारलं, दादा, एका दमात किती आकडे मोजता येतात बघू? ते १२ वर थांबले. वीसपर्यंत तरी जायला हवं. मी टेस्ट अर्धवट सोडून सरांना फोन लावला आणि म्हटलं, सर, मला हे जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम वाटतंय आणि ह्यांचा दम पुरत नाहीये. सर जेवणावरून उठून आले, पंधरा मिनिटांत आयसीयू. त्याच रात्री व्हेंटिलेटर लागला. आयव्हीआयजीचे, म्हणजे शिरेतून द्यायच्या अँटिबॉडीजचे, पाच दिवस, व्हेंटिलेटरवर एकूण अकरा. वॉर्डमध्ये असतं तर रात्री कोणाला कळलं असतं, हा विचार अजूनही येतो. पुढच्या वर्षी पुण्यात साथ आली तेव्हा जीबीएस हे नाव घराघरात पोचलं, त्या दिवशी मात्र त्यांच्या बायकोला मी हे अक्षर अक्षर समजावलं होतं, की जुलाबाच्या जंतूंशी लढणारी शरीराची फौज चुकून स्वतःच्याच नसांच्या आवरणावर तुटून पडते.

मे महिन्यात ते फॉलोअपला आले, चालत, हातात काठी. कोपरावरचा डोंगर आता ६ मिलिव्होल्ट, वेग ४१. ताकद आली तरी वेग मागे राहतो बऱ्याचदा, ते मी सांगितलं. अंगठा त्यांनी स्वतःच उचलून दाखवला, मी न सांगता. माग सुरू केलाय म्हणाले, काठ विणतो, पदर सध्या बायको करते, तिल्ली अजून उजव्या हातातून निसटते.