पिंजरा कोण धुणार?

नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात प्राणी घेऊन येणारे रोजचेच, पण घेण्याआधी विचारायला येणारे विरळा. त्यामुळे एप्रिलमधल्या एका संध्याकाळी इंदिरानगरचं एक कुटुंब रिकाम्या हातानं येऊन बसलं, तेव्हा कंपाउंडरनं दोनदा विचारलं, "पेशंट कुठंय?" आई-बाबा, आजी आणि जूनमध्ये पहिलीत जाणारी मुलगी. मुलीला पाण्यातलं छोटं कासव हवं होतं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं. बाबांनाही पटलेलं. भुंकणं नाही, केस गळणं नाही, फिरवायला न्यायची भानगड नाही, शिवाय म्हणे वास्तूला चांगलं.

योगायोग असा, की टेबलावर त्याच जातीचं कासव होतं. धुण्याच्या टबात बसवून आणलेलं, चांगलं ताटलीएवढं. पापण्या टम्म सुजून डोळे मिटलेले. वर्षानुवर्षं डब्यातली वाळकी कोळंबी एके कोळंबी खाऊ घातली, की 'अ' जीवनसत्त्व कमी पडून असं होतं. कासवाबरोबर कॉलेजातला एक मुलगा आणि त्याची आई होती. दार उघडंच होतं. मुलगी आत आली, टबात वाकून पाहिलं आणि विचारलं, "दादा, हे तुझं?"

"दुसरीत होतो तेव्हा माझं होतं," तो म्हणाला. "आता आईचं आहे."

त्याची आई काही हसली नाही. टबातलं पाणी, त्याचा वास, फिल्टरचा गाळ, सगळं तिच्याकडेच होतं. "आणलं तेव्हा दहाच्या नाण्याएवढं होतं हो," ती म्हणाली, आणि मग जरा चाचरत, "डॉक्टर, गोदावरीत सोडून दिलं तर?"

हा प्रश्न मला नेहमी येतो आणि उत्तर ठाम 'नाही' हेच असतं. हे कासव मूळचं अमेरिकेतलं. आपल्या नदीत रुजलं, तर इथल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. गोदावरी खाली नांदूरमध्यमेश्वरला जाते. 2020 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जाहीर झालेलं ते महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. तिथं ही भर नको. कासव नीट सांभाळलं तर आणखी वीस वर्षं सहज जगेल, हेही मी सांगितलं. ऐकून मुलानं आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "बघतोस काय, टब उचल."

ते गेल्यावर बाबांचा उत्साह निम्मा झाला होता. उरलेला मी घालवला. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि लहान मुलांचे हात तोंडात जातात. अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे, ती याच कारणानं. आजींनी पोपटाचं नाव काढलं, पंचवटीतल्या वाड्यात त्यांच्या माहेरी होता. पण आपला देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. आजींना हे मुळीच पटलं नाही.

मग मी माझे प्रश्न सुरू केले, आणि ते मुलीला नव्हते. दुपारी घरी कोण असतं? दिवाळीत गावी गेलात तर खायला कोण घालणार? पिंजरा कोण धुणार? तिसऱ्या प्रश्नाला आई-बाबा दोघांनी आजींकडे पाहिलं.

"म्हणजे शेवटी माझ्याच गळ्यात!" आजी म्हणाल्या.

मला हवं होतं ते हेच, आधी बोललं गेलेलं बरं. लहान मुलाचा प्राणी असं काही नसतं. तो घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाचा असतो आणि मूल त्याच्याशी खेळतं. तेव्हा निवड आजींच्या दिवसाला जुळणारी हवी. हॅमस्टर मुलगी झोपल्यावर जागा होणार आणि दिवसा उठवलं तर चावणार. सशाचं सगळ्यांना वाटतं, पण उचललेलं त्याला आवडत नाही. लहान हातात मागचे पाय झाडले, तर स्वतःचाच मणका मोडून घेतो. असे ससे मी टेबलावर पाहिलेत. राहिलं गिनीपिग. दिवसा जागं असतं, सहसा चावत नाही आणि मांडीवर बसतं. मात्र जोडीनं हवं. 'क' जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरची किंवा पेरूची फोड, आणि पोटभर वाळलेलं गवत. गुरांचा लसूणघास नेहमी नको, त्यात कॅल्शियम जास्त. भाजी रोज आजीच निवडायच्या, म्हणून निम्मं काम होतच होतं. फक्त उन्हाळा संपू द्या म्हटलं, चाळीस अंशात पश्चिमेच्या गॅलरीत ती जीव सोडतील. आणि पैसे देण्याआधी इथं आणून दाखवा.

जूनमध्ये आले. खोक्यात दोन पिल्लं, "दोन्ही माद्या, गॅरंटी." पोटाखाली अंगठ्यानं हलकेच दाबलं, तर त्यातला एक सरळसरळ नर. महिन्याभरात पाळणा हलवायला तयार झाला असता. बाबा हेल्मेट घालून तसेच दुकानात परत गेले.

परवा दोघींची नखं कापायला आले होते. फ्रिजचं दार वाजलं की दोघी शिट्ट्या मारतात, असं मुलीनं करून दाखवलं. पिंजऱ्याचं विचारलं, तर म्हणाली, "रविवारी बाबा धुतात."

"एक रविवार धुतला," आजी म्हणाल्या.